चंद्राचा भूशास्त्रीय नकाशा: कोल्हापुरातून सारखे येणारे प्रश्न

दर कोजागिरीला आमच्या गच्चीवर एका बाजूला दूध आटत असतं आणि दुसऱ्या बाजूला सहा इंची दुर्बीण उभी असते. निम्मी गल्ली डोळा लावून जाते आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर प्रश्न सुरू होतात. शाळांत बोलून आलो की आणखी येतात, मसाई पठारावर रात्र काढली की आणखी. तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय. जे एका उत्तरात सांगून झालंय ते दुसऱ्यात उगाळलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. चंद्राचे एवढे फोटो आहेत, मग वेगळा भूशास्त्रीय नकाशा कशाला?

फोटोत जे आहे ते दिसतं. ते कशाने झालं आणि कशाच्या आधी किंवा नंतर झालं, हे नकाशा सांगतो. पन्हाळ्याला जाताना खाली काळा दगड असतो आणि गडावर पोचता पोचता तांबडा जांभा लागतो. फोटोत हे नुसते दोन रंग. भूशास्त्राच्या नकाशात मात्र खाली बेसॉल्ट आणि वर त्याच्याच झिजेतून झालेला जांभा, म्हणजे जांभा नंतरचा, एवढी गोष्ट येते. चंद्राच्या सुमारे ३.८ कोटी चौरस किलोमीटर पृष्ठभागाचे असेच तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला प्रकार आणि काळ द्यायचा, हे ते काम.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याने २०२० साली संपूर्ण चंद्राचा एकत्रित नकाशा काढला. अपोलोच्या काळातले सहा वेगवेगळे नकाशे नव्या उपग्रह-माहितीवर बसवून तो जुळवलाय. प्रमाण १:५०,००,०००, म्हणजे १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर. या मापात कोल्हापूर ते पन्हाळा ४ मिलिमीटर भरेल आणि बुलढाण्याचं १.८ किलोमीटरचं लोणार म्हणजे बॉलपेनचा एक ठिपका. २०२२ साली चिनी शास्त्रज्ञांनी याच्या दुप्पट बारकाव्याचा, १:२५,००,००० प्रमाणाचा नकाशा प्रसिद्ध केला.

२. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे नेमकं काय? त्यांना समुद्र का म्हणतात?

जुन्या लोकांना ते पाणी वाटलं म्हणून. प्रत्यक्षात ते लाव्हाचे थर आहेत, बेसॉल्टचे. आधी अवकाशातून आदळलेल्या धोंड्यांच्या मोठ्या आघातांनी प्रचंड खळगे पडले, मग कोट्यवधी वर्षांनी खालून लाव्हा येऊन त्यांत साचला. उजळ भाग म्हणजे जुना डोंगराळ कवच-प्रदेश. तिथला मुख्य दगड ॲनॉर्थोसाइट, फिकट रंगाचा.

आपल्याकडच्या बाजूचा साधारण तिसरा हिस्सा या समुद्रांनी व्यापलाय, पलीकडच्या बाजूचे मात्र जेमतेम दोन टक्के. पलीकडचं कवच जास्त जाड आहे हे त्याचं एक कारण. (तिला ‘अंधारी बाजू’ म्हणू नका, तिथेही आपल्याइतकंच ऊन पडतं.)

३. तिथे कुणी खोदलं नाही, थर मोजले नाहीत. मग आधी काय आणि नंतर काय हे कसं ठरवतात?

हाच खरा प्रश्न. बाकी सगळी उत्तरं याला टांगलेली आहेत, म्हणून इथे जरा सावकाश.

तालमीच्या तांबड्या मातीत दोन पैलवानांचे पाय उमटलेत आणि एकाचा ठसा दुसऱ्याचा काठ मोडतोय. नंतर कोण आलं हे सांगायला कुस्ती बघितलेली असावी लागत नाही. चंद्रावर हेच करायचं. जे दुसऱ्याला झाकतं, कापतं किंवा बुजवतं ते नंतरचं.

आता दुर्बिणीतून दिसणारं उदाहरण. चंद्राच्या वायव्य भागात ‘इंब्रियम’ नावाचा मोठा गोल समुद्र आहे. त्याच्या आत आर्किमिडीज नावाचं विवर आहे. आर्किमिडीज इंब्रियमच्या खळग्याच्या आत पडलंय, म्हणजे खळगा आधीचा. पण आर्किमिडीजचा तळ सपाट, लाव्हाने भरलेला आहे आणि बाहेरून त्याने फेकलेला मालही लाव्हाखाली बुडालाय. म्हणजे लाव्हा आर्किमिडीजच्या नंतरचा. खळगा पडला आणि लगेच लाव्हाने भरला, असं आपण सहज धरून चालतो. तसं झालेलं नाही. मधे एक अख्खं विवर पडून जायला वेळ होता.

पुढे चला. दक्षिणेकडे आपेनाइन डोंगरांच्या टोकाला एराटोस्थेनिस आहे, ५८ किलोमीटरचं. त्याचा माल लाव्हावर पसरलाय, म्हणजे ते लाव्हानंतरचं. त्याच्या पश्चिमेला ९३ किलोमीटरचं कोपर्निकस. कोल्हापूर ते बेळगाव सरळ रेषेत जेवढं, जवळपास तेवढं रुंद. त्याचे पांढरे किरणपट्टे (आघातात उडालेल्या मालाचे लांब पट्टे) एराटोस्थेनिसवरूनही गेलेत, म्हणजे कोपर्निकस सगळ्यांत नवं. खळगा, आर्किमिडीज, लाव्हा, एराटोस्थेनिस, कोपर्निकस: एकाही दगडाला हात न लावता पाच पायऱ्या लागल्या.

यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९६२ साली याच भागावरून चंद्राच्या कालगणनेचा पाया घातला. आज वापरतात ते पाच काळ असे, जुन्याकडून नव्याकडे: प्री-नेक्टेरियन, नेक्टेरियन, इंब्रियन, एराटोस्थेनियन, कोपर्निकन.

४. हे सगळं गच्चीवरून दिसेल का? पौर्णिमेला बघू का?

दिसेल, पण पौर्णिमेला नाही. कोजागिरीला मी दुर्बीण लावतो ती केवळ लोकाग्रहास्तव. त्या रात्री चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि विवरांचे नुसते पांढरे ठिपके उरतात. उंचसखलपणा बघायचा तर ऊन तिरपं हवं, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ बघायला हवं.

इथे आपलं पंचांग फार कामाला येतं. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचा फरक, त्यामुळे ती सीमारेषाही दर तिथीला चंद्रावर बारा अंश पश्चिमेकडे सरकते. शुद्ध अष्टमी सरता सरता आर्किमिडीजवर ऊन येतं, नवमीला एराटोस्थेनिसवर, दशमीला कोपर्निकसवर. भिंतीवरच्या कॅलेंडरात या तीन तिथी खुणेने ठेवा आणि सलग तीन संध्याकाळी बघा. प्रश्न ३ मधला क्रम डोळ्यांसमोर उलगडत जातो.

पौर्णिमा एकाच कामाची: किरणपट्टे. दक्षिणेकडच्या टायको विवराचे पट्टे तेव्हा निम्म्या चंद्रावर पसरलेले दिसतात.

साधी चार-सहा इंची दुर्बीण पुरते. शहरातल्या दिव्यांची अडचण चंद्राला होत नाही, त्यासाठी मसाई पठार गाठायची गरज नाही. जून ते सप्टेंबर मात्र आपल्याकडे आभाळ मोकळंच नसतं. तेव्हा प्रश्न ९ मधलं काम करा.

५. आर्यभट नावाचं विवर आहे म्हणे? ते कुठे?

आहे, आणि क्रम ओळखायला शिकवायला माझं सगळ्यांत आवडतं. पूर्वेकडच्या ‘ट्रँक्विलिटी’ समुद्रात, २२ किलोमीटरचं. नाव ऐकून मुलं उत्साहाने डोळा लावतात आणि विचारतात, “काका, विवर कुठाय? नुसती कमान आहे.” बरोबर आहे. बाकीचं लाव्हाने गिळलंय, काठाचा एक अर्धगोल तेवढा वर राहिलाय. त्यावरून क्रम तुम्हीच लावा. शुद्ध पंचमी-षष्ठीला बघा. जवळच्या ‘सेरेनिटी’ समुद्रात साराभाईही आहेत, पण ते विवर लहान आहे, शोधायला चिकाटी लागते.

६. नकाशातले रंग खरे आहेत का? आणि ती अक्षरं?

रंग मानलेले आहेत. कोपर्निकन विवरांना पिवळा दिलाय म्हणून ती पिवळी नाहीत. अक्षरांत पहिलं मोठं अक्षर काळाचं आणि पुढचं छोटं प्रकाराचं. मोठा ‘सी’, मग छोटा ‘सी’ म्हणजे कोपर्निकन काळातलं विवर. मोठा ‘ई’, मग छोटा ‘एम’ म्हणजे एराटोस्थेनियन काळातला समुद्राचा लाव्हा. अक्षरं वाचता आली की रंग विसरलात तरी चालतं. सीमारेषा तुटक असेल तर काढणाऱ्याला खात्री नव्हती असं समजा. तुटक रेषा बघितली की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

७. क्रम कळला. पण ‘३९० कोटी वर्षं’ असे आकडे कुठून येतात?

दोन गोष्टींच्या जोडीतून: आणलेले दगड आणि मोजलेली विवरं.

अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ मध्ये ३८२ किलो दगडमाती आणली. रशियाच्या तीन लुना यानांनी मिळून सुमारे ३०० ग्रॅम. या दगडांची वयं प्रयोगशाळेत किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढली. मग ते ज्या जमिनीवरून उचलले तिथे ठरावीक क्षेत्रात किती विवरं आहेत ते मोजलं. पत्र्याच्या छपरावर गारांचे पोचे पडतात तसं हे आहे: जेवढा पत्रा जुना तेवढे पोचे जास्त. (आपल्या रस्त्यांना हा नियम लावू नका, तिथे दोन महिन्यांचा रस्ताही प्री-नेक्टेरियन दिसतो.) एकदा वय आणि विवरांची संख्या यांची सांगड बसली की जिथून दगड आणलेला नाही तिथलंही वय अंदाजता येतं.

इंब्रियमचा खळगा सुमारे ३९० कोटी वर्षांचा धरतात. कोपर्निकस सुमारे ८० कोटी, हे अपोलो १२ ने आणलेल्या मातीवरून. टायको सुमारे ११ कोटी. अपोलो १७ उतरलं तिथे टायकोवरून उडालेल्या मालाने दरड कोसळली असावी, तिच्यावरून ते वय काढलंय. आता गंमत बघा. आपला दख्खनचा काळा दगड ६.६ कोटी वर्षांचा. चंद्रावर ज्याला ‘ताजं’ म्हणतात ते टायको पडलं तेव्हा सह्याद्रीतला एक थरही वाहिलेला नव्हता.

अडचण अशी होती की अपोलोचे बेसॉल्ट बहुतेक ३०० कोटींच्या मागचे. त्यापुढच्या काळासाठी मोजपट्टी अंदाजाने ओढलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-ई ५ ने १,७३१ ग्रॅम माल आणला, त्यातला बेसॉल्ट सुमारे २०० कोटींचा निघाला आणि मधल्या रिकाम्या जागेत एक खुंटी ठोकली गेली. जून २०२४ मध्ये चांग-ई ६ ने पलीकडच्या बाजूचा पहिला माल आणला, त्यातला बेसॉल्ट २८० कोटींचा.

८. आपला काळा दगड आणि चंद्राचा काळा दगड एकच का?

जात एक, स्वभाव वेगळा. दोन्ही बेसॉल्ट, दोन्हींत पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज ही खनिजं. पण चंद्राचा दगड जवळजवळ कोरडा ठणठणीत. आपल्या दगडातल्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइटचे पांढरे स्फटिक बसतात, लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडी माती सापडते. चंद्रावर यातलं काही नाही. जांभा तर नाहीच, त्याला पाऊस लागतो, आणि राधानगरी-शाहूवाडीचं बॉक्साईटही त्याच पावसाचं देणं. चंद्राच्या काही बेसॉल्टमध्ये टायटॅनियम मात्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

चंद्राच्या विवरासारखं काही हाताशी हवं असेल तर लोणारला जा. बेसॉल्टमध्ये आघाताने पडलेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात.

९. भारताच्या यानांचा यात वाटा काय? आणि विद्यार्थ्याला ती माहिती मिळते का?

वाटा मोठा आहे. चांद्रयान १ (२००८) वरच्या ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ने कुठल्या खनिजाने कुठला उजेड गिळलाय ते टिपून खनिजांचे नकाशे दिले. पाणी आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा त्यातूनच दिसल्या. चांद्रयान २ चं यान २०१९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याचा सर्वांत बारीक कॅमेरा सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत पाहतो, आणि ‘क्लास’ हे उपकरण उन्हातल्या क्ष-किरणांनी चमकणाऱ्या मूलद्रव्यांची नोंद घेतं.

माहिती फुकट आहे. इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवलं की चांद्रयानाचा डेटा उतरवता येतो. अमेरिकी एलआरओ यानाची चित्रं ‘क्विकमॅप’वर थेट बघता येतात. प्रश्न १ मधला एकत्रित नकाशा क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. लॅपटॉप नसेल तर विवराचा फोटो छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलने सीमा ओढा. मी तसंच शिकलो. पावसाळ्याच्या चार रविवारी एक विवर होतं.

१०. चांद्रयान ३ ने दगडांबद्दल नवीन काय सांगितलं?

२३ ऑगस्ट २०२३ ला ते सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरलं. तिथल्या उजळ प्रदेशात इतक्या दक्षिणेला कुणी माती तपासलेली नव्हती. प्रज्ञान गाडी सुमारे १०० मीटर फिरली आणि तिने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली. माती ॲनॉर्थोसाइट जातीची निघाली. तरुण चंद्र वितळलेला होता आणि त्यावर हलका दगड सायीसारखा तरंगून कवच झालं, या कल्पनेला आणखी एका जागेचा आधार मिळाला. मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा थोडं जास्त होतं. दक्षिण ध्रुव-एटकेन हा सुमारे २,५०० किलोमीटरचा खळगा जवळच आहे, तो पडताना खोलातून उडालेला माल त्यात मिसळला असावा.

११. ध्रुवावर जिथे कधीच ऊन पडत नाही तिथला नकाशा कसा काढतात?

लेझरने उंची मोजून, रडारने आणि शेजारच्या कड्यावरून परतलेल्या अंधुक उजेडात. चांद्रयान २ वर असं रडार आहे. कोरियाच्या दनुरी यानावरचा ‘शॅडोकॅम’ हा नासाचा कॅमेरा याच सावल्यांसाठी बनवलाय. तिथलं तापमान काही ठिकाणी उणे २४० अंशांच्याही खाली जातं. आकार चांगला कळतो, खनिजं मात्र फार कमी, कारण त्यांना ओळखायचं तर ऊन हवं.

१२. फोटोतली विवरं मला टेकाडं का दिसतात?

उजेड खालून आलाय आणि तुमचा मेंदू तो वरून धरतोय. फोटो उलटा करा. संपलं.

१३. चंद्रावर प्लॉट घेतलाय, तो नकाशात कुठे येईल?

१९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. सातबारा निघणार नाही, एनए तर नाहीच. प्रमाणपत्र फ्रेम करून लावा.

१४. विवरं मोजून वय काढताना फसगत होत नाही का?

होते, आणि माझी झालीय. पहिल्यांदा कोपर्निकस आणि एराटोस्थेनिसच्या मधला तुकडा काढला तेव्हा स्टेडियस विवराजवळ बारीक विवरांची एक माळ दिसली, मण्यांसारखी. मी प्रत्येक मणी वेगळा आघात म्हणून मोजला आणि त्या तुकड्याचं वय भलतंच जुनं आलं. एका जाणत्या सरांनी कागद बघून एवढंच विचारलं, “ही माळ कुठल्या दिशेने आलीय?” पट्टी लावली तर ती कोपर्निकसकडे बोट दाखवत होती. एकाच आघाताने उडालेले धोंडे पडून झालेली ती दुय्यम विवरं होती. माळा, झुंडी, लांबट आकार दिसले की मोजणीतून बाहेर ठेवा.

दुसरी फसगत जुन्या डोंगराळ भागात. तिथे विवरं इतकी दाट आहेत की नवीन पडलं की एखादं जुनं पुसतं. संख्या वाढायची थांबते, आणि मग मोजणी फक्त ‘निदान इतकं जुनं’ एवढंच सांगते.

१५. किरणपट्टे उजळ म्हणजे विवर नवीन, हे नेहमी खरं?

बहुतेकदा. चंद्रावर सौरवारा (सूर्याकडून सतत येणारे कण) आणि बारीक उल्काधूळ यांच्या माऱ्याने माती हळूहळू काळवंडते, म्हणून ताजा माल उजळ दिसतो. पण काही पट्टे दगडाच्या जातीमुळे उजळ असतात. फिकट दगडाचा चुरा काळ्या लाव्हावर पडला की तो जुना झाला तरी उठून दिसतो. लिच्टेनबर्ग विवराचे पट्टे असेच आहेत. तेव्हा पट्टे बघून लगेच ‘कोपर्निकन’ लिहू नका, प्रश्न ३ ची परीक्षा आधी घ्या.

१६. कधी अख्खा नकाशाच चुकलाय का?

चुकलाय, आणि ते माणसं पाठवून कळलं. देकार्त विवराजवळ डोंगराळ भागात काही उजळ, गुळगुळीत मैदानं आहेत. फोटोंवरून नकाशाकारांनी ती ज्वालामुखीची मानली, कारण सपाट म्हणजे काहीतरी वाहून साचलेलं, हा तर्क समुद्रांच्या बाबतीत खरा ठरला होता. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ मुद्दाम तिथे पाठवलं. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक यांना पहिल्या फेरीपासून जे दगड मिळाले ते लाव्हाचे नव्हते. ते ब्रेक्सिया होते: आघातात फुटलेले तुकडे पुन्हा चिकटून झालेले, गुळात शेंगदाणे बसावेत तसे. मैदानं आघातांच्या मालाने सपाट झाली होती.

क्रम चुकला नव्हता हे लक्षात घ्या. कुठलं कुठल्यावर आहे ते बरोबर होतं, ‘कशाने’ हे चुकलं होतं. म्हणून आता अशा भागांना नुसतं ‘फिकट मैदान’ म्हणतात. नावात कारण घालत नाहीत. मुलांना नकाशा शिकवताना मी हाच नियम लावतो: आधी वर्णन लिहा, कारण दुसऱ्या रकान्यात. कोपऱ्यात पेन्सिलने.

१७. ‘इना’ नावाची जागा नवीन आहे की जुनी?

भांडण चालू आहे. ‘फेलिसिटाटिस’ या लहान लाव्हा-मैदानात ही सुमारे ३ किलोमीटरची विचित्र जागा आहे: गुळगुळीत फुगवटे आणि मधे खडबडीत, उजळ जमीन. अपोलो १५ च्या कक्षेतल्या फोटोंत ती लक्षात आली. २०१४ साली विवरं मोजून तिचं वय १० कोटींच्याही आत काढलं गेलं. ते खरं असेल तर चंद्र आतून आपण धरतो त्याहून बराच उशिरा थंड झाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तिथला लाव्हा फेसाळ आणि सच्छिद्र आहे, त्यावर आघात झाला तरी विवर लहानच पडतं, म्हणून मोजणी फसते आणि जागा जुनी असूनही नवी दिसते. म्हणजे प्रश्न १४ सारखीच फसगत, फक्त उलट्या दिशेने. तिथला दगड हातात येत नाही तोवर मी अक्षरापुढे प्रश्नचिन्ह घालतो. तशी पद्धत आहे, लाज वाटून घेऊ नका.

आणि गच्चीवरून इना दाखवा म्हणून मेसेज करू नका. सहा इंचीतून ते जमत नाही, मी दोन वर्षं प्रयत्न केलाय.